निक्स हरले कसे? एकच चूक सांगा

बोगद्यातला_फॅन | २२ मे २०२५, सकाळी ९:२०

ऑफिसात पोचलोय, पण कामाला हात लागत नाहीये. इथे लिहून मोकळा होतो.

पहाटे पाचला उठलो, एनबीए म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची न्यूयॉर्क निक्स विरुद्ध इंडियाना पेसर्स मॅच होती. बायको आणि पोरगं झोपलेलं, म्हणून आवाज बंद ठेवून बघितली. चौथ्या क्वार्टरची २ मिनिटं ५१ सेकंद उरली होती, स्कोअर ११९-१०५. निक्स १४ने पुढे, तेही मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. २५ वर्षांनी कॉन्फरन्स फायनल (लीगची उपांत्य फेरी) गाठलेला संघ, पहिलीच मॅच, घरचं मैदान. मी डबा उचलला, चपला घातल्या आणि रिक्षात बसता बसता एका मित्राला मेसेज टाकला, 'ही झाली, पुढची बोल.'

ठाण्याला दहा नंबरवर पोचेपर्यंत आघाडी निम्म्याहून खाली आली होती. पनवेल लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळाली, मोबाईल एका हातात, दुसरा हात वरच्या कडीला. १२५-१२३. सात सेकंद. पेसर्सच्या हॅलिबर्टनच्या हातात बॉल. आणि गाडी बोगद्यात शिरली.

ज्यांनी ठाणे-ऐरोली प्रवास केलाय त्यांना माहितीये की पारसिकच्या डोंगरात नेटवर्क नावाची गोष्ट नसते. बाहेर आलो तेव्हा स्क्रीनवर हॅलिबर्टन स्वतःचा गळा धरून उभा. मला वाटलं हरलो. मग कळलं, त्याचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता म्हणून दोनच गुण, १२५-१२५, ओव्हरटाइम. घणसोलीला उतरलो आणि फलाटावरच उभा राहून उरलेली बघितली. १३८-१३५, पेसर्स.

प्रश्न सोपा आहे. नेमकी चूक कोणती? एकच सांगायची. 'सगळेच चुकले' हे उत्तर चालणार नाही.

माझं मत देतो: कोच थिबोडो. पाचवा फाउल झाला (सहाव्याला बाहेर) म्हणून आपला ब्रन्सन बेंचवर गेला, तेव्हा निक्सनी १४-० ची धाव घेतली. बॉल फिरत होता, सगळे कट मारत होते. ब्रन्सन परत आला आणि बॉल त्याच्या हातात चिकटला. घड्याळ संपवायचं, शेवटी कसातरी शॉट. ही कोचची चूक.

---

मामलेदार_तिखट | ९:३४

चूक एकच. तू २ मिनिटं ५१ सेकंद असताना चपला घातल्यास.

---

वाशी_सतरा | ९:४१

ब्रन्सनने ४३ केले रे. त्रेचाळीस! आणि तो चिकटला म्हणून हरलो?

माझं उत्तर: पेसर्सचा नेस्मिथ. ही चूक नाही, नशीब आहे. थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) ९ मारले, ८ आत गेले. त्यातले सहा शेवटच्या पाचेक मिनिटांत. एका कोपऱ्यातून, एक अंगावर माणूस असताना, एक धावता धावता. याला कुठला कोच काय करणार?

ज्याने १८९१ मध्ये हा खेळ काढला तो जेम्स नायस्मिथ, आणि ज्याने आज आपला खेळ केला तो ॲरन नेस्मिथ. पत्रिकेतच होतं.

---

शर्वरी_नेरूळ | ९:५८

वाशी_सतरा, पहिले दोन नशीब समजू. तिसऱ्यापासून चूक. ज्याच्या हाताला आज आग लागलीये हे दिसतंय, त्याच्यापासून एक हात लांब उभं राहायचं नाही, मागून कोणी ले-अप (रिंगजवळून दोन गुणांचा सोपा शॉट) मारला तरी चालेल. १४ने पुढे असताना ले-अप द्यायचा, थ्री द्यायचा नाही. दोनाने अंतर मिटत नाही, तिनाने मिटतं. माझ्याकडे येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांनाही हे शिकवते मी.

पण माझं उत्तर ते नाही. माझं उत्तर फ्री थ्रो, फाउलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट.

शेवटच्या १५ सेकंदांत आपल्या टाउन्सने दोनातला एक घालवला. मग अनुनोबीने दोनातला एक घालवला. अनुनोबीचे दोन्ही आत गेले असते तर १२६-१२३. म्हणजे हॅलिबर्टनच्या त्या शॉटने, पाय रेषेवर असो की नसो, मॅच हातातून जात नव्हती. १५ फुटांवरून, समोर कोणी नसताना, कोणी हात वर न करता. दुसरं काही शोधायलाच नको.

---

नुसताच_वाचक | १०:०२

शर्वरीताईंना +१

---

घोडबंदर_ट्रॅफिक | १०:२०

मी अजून मानपाड्याच्या सिग्नलला आहे, त्यामुळे निवांत लिहितो.

शर्वरी, एक गोष्ट राहिली. अनुनोबीच्या आधी काय झालं आठव. निक्स तीनने पुढे होते आणि त्यांनी मुद्दाम नेस्मिथला फाउल केला. म्हणजे थ्री मारायची संधीच द्यायची नाही, दोन फ्री थ्रो घे म्हणायचं. त्याने दोन्ही घातले, तिनाचं एकावर आलं. आता हे बरोबर की चूक?

माझ्या मते चूक. १२ सेकंद उरलेत, समोरच्याला थ्री मारायला लावायचा, अंगावर चढून बचाव करायचा. फाउल केलास म्हणजे घड्याळ थांबवलंस, आणि आता तुला परत फ्री थ्रो मारावे लागणार. ज्या संघाचे हात थरथरतायत त्याला फ्री थ्रोच्या शर्यतीत उतरवायचं कशाला?

---

बोगद्यातला_फॅन | १०:३१

@घोडबंदर_ट्रॅफिक, म्हणजे परत कोचच. मी तेच म्हणतोय.

---

घोडबंदर_ट्रॅफिक | १०:३३

नाही, तू ब्रन्सन म्हणालास. मी फाउल म्हणतोय. दोन्ही कोचवर ढकलायचं तर मग एकच चूक कशी झाली?

---

शर्वरी_नेरूळ | १०:५०

तीनने पुढे असताना फाउल करावा की नाही, यावर जगभर वाद आहे, इथे सुटायचा नाही. पण ज्या दिवशी नेस्मिथच्या हातातून काही चुकतच नाहीये त्या दिवशी त्याला थ्रीपासून रोखणं चुकीचं म्हणता येणार नाही. पाच सेकंदं असताना करतात, बारा असताना जरा घाई झाली, एवढं मान्य.

---

चढाईपटू | ११:१५

बास्केटबॉल फारसा कळत नाही, पोरगा बघतो म्हणून बघतो. कबड्डी खेळलोय पुष्कळ, ठाण्याच्या मातीत.

कबड्डीत आघाडी असली आणि वेळ कमी असला की चढाईपटू आत जातो, पायाने चाळवाचाळव करतो, तीस सेकंद काढून परत येतो. हे बरोबरच असतं. पण दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो. म्हणजे वेळ काढणंसुद्धा मोजून काढायचं असतं, गुण घ्यायची वेळ ठरलेली असते.

मी आज पाहिलं त्यात निक्स नुसता वेळ काढत होते. चोवीस सेकंदांचं घड्याळ आहे ना तुमच्यात? त्यातली अठरा नुसती उभं राहून घालवायची आणि उरलेल्या सहांत सगळं करायचं. त्याने समोरच्याला आराम मिळतो. आपण त्याला दमवायचं तर आपणच त्याला श्वास देतोय.

---

वाशी_सतरा | ११:२२

चढाईपटू, कळत नाही म्हणता म्हणता सगळ्यात शहाणा प्रतिसाद दिलात.

---

मामलेदार_तिखट | ११:२५

आणि पोरगा बघतो म्हणून बघतात. पहाटे साडेपाचला. आमचं पोरगं दहाला उठतं.

---

वरळीचा_साक्षीदार | दुपारी १२:४०

इथे सगळे निक्सवाले दिसतायत, म्हणून पेसर्सच्या बाजूने एक जण बोलतो.

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९. वरळीचा एनएससीआय डोम. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स, भारतातल्या पहिल्या एनबीए मॅच. पहिल्या दिवशी स्टँडमध्ये शाळकरी पोरंच पोरं होती, हजारोंनी. माझा भाचा शाळेकडून गेला होता आणि घरी येऊन दोन दिवस बोलत सुटला होता. स्कोअर सांगतो: पेसर्स १३२, किंग्ज १३१. ओव्हरटाइम! दुसऱ्या दिवशी मी स्वतः होतो, ती मॅच १३०-१०६ अशी एकतर्फी गेली, माझं नशीब. पेसर्सचा मायल्स टर्नर तेव्हाही होता, या मॅचलाही होता.

तर लोकहो, हा संघ ओव्हरटाइममध्ये एका बास्केटने जिंकायची सवय वरळीपासून घेऊन आलाय. तुम्ही निक्सच्या चुका मोजताय. पेसर्सनी काय केलं ते कोणीच लिहीत नाही. ४८ मिनिटं पळवलं त्यांनी. बास्केट पडली की बॉल उचलून लगेच सुरू, अर्ध्या मैदानापलीकडेच अंगावर. निक्सचे ठरलेले पाच-सहा जण आख्खा सीझन लीगमधली सर्वाधिक मिनिटं खेळलेत. हार्ट, ब्रिजेस बघा. शेवटच्या तीन मिनिटांत पाय जड झाले आणि पाय जड झाले की आधी फ्री थ्रो चुकतो. शर्वरीताई, बरोबर ना?

---

शर्वरी_नेरूळ | १२:५५

बरोबर. शॉट हाताने मारत नाहीत, पायाने मारतात. दमलं की गुडघे वाकत नाहीत, बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागतो.

---

बोगद्यातला_फॅन | १:०५

आणि दमवलं कोणी? पाच-सहा जणांनाच खेळवलं कोणी?

(मी काही म्हणत नाही.)

---

घोडबंदर_ट्रॅफिक | १:१०

तू तेच म्हणतोयस सकाळपासून.

---

आबा_नौपाडा | ४:३०

दुपारी झोपून उठलो तर हा धागा. वय ७१. सत्तर-ऐंशीच्या दशकात नोकरी भायखळ्याला होती, संध्याकाळी सुटलो की नागपाड्याला जायचो. मुंबईत बास्केटबॉल बघायचा तर तिथे. सिमेंटचं कोर्ट, चारी बाजूंनी माणसं, आणि खेळणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांची जीभ जास्त चालायची. फ्री थ्रो चुकला तर त्या पोराला आठवडाभर चहा कोणी पाजत नसे.

मीही खेळायचो, आमच्या ऑफिसच्या संघात. एकदा एका बँकेच्या संघाशी उपांत्य सामना. दोन्ही संघांचे बनियन पांढरे, त्यांच्या पाठीवर खडूने आकडे, आणि घामाने ते पुसले गेलेले. शेवटचं अर्धं मिनिट, आम्ही एकाने पुढे. मी बॉल पकडला, कोपऱ्यात पांढरा बनियन दिसला, दिला. तो त्यांचा होता. त्याने नुसता वर टाकला, गेला. चाळीस वर्षं झाली, आमच्यातले जे उरलेत ते अजून मला 'दानशूर' म्हणतात. आता तुम्ही म्हणाल एकच चूक, आबांची. पण त्याआधी आमच्या एकाने दोन सरळ ले-अप घालवले होते, त्याला काही नाव पडलं नाही. शेवटची चूक लक्षात राहते, तेवढंच.

१९९१ ची रणजी फायनल कोणी पाहिलीय का? वानखेडेवर मुंबईला ३५५ हव्या होत्या, हरयाणाविरुद्ध. ३५२ वर आटोपले. दिलीप वेंगसरकर नाबाद १३९, शेवटचा कुरुविला धावबाद झाला आणि वेंगसरकर मैदानात रडला. लोक कुरुविलाचा रनआउट बोलतात. पण ती रनआउटची वेळ येईपर्यंत किती जण आउट होऊन गेले होते?

---

मामलेदार_तिखट | ४:४१

आबा, दानशूर 😂😂 हसून हसून पुरेवाट.

---

वाशी_सतरा | ४:४५

आबा, तुम्ही प्रश्नच उडवून लावलात. बोगद्यातला म्हणतोय 'सगळेच चुकले' चालणार नाही.

---

आबा_नौपाडा | ५:०२

बरं, मग एकच सांगतो. ११९ वर असताना त्यांनी आपण जिंकलो असं समजलं. बोगद्यातल्यासारखंच.

---

बोगद्यातला_फॅन | ५:१०

आबा, चपलांचा विषय बंद करा हो आता.

---

वरळीचा_साक्षीदार | ५:३०

आकडा देतो. १९९७-९८ पासून प्लेऑफमध्ये शेवटच्या २ मिनिटं ५० सेकंदांत १४ किंवा जास्त गुणांनी पुढे असलेले संघ ९९४ वेळा जिंकले आणि शून्य वेळा हरले होते. आज ९९४-१ झालं. तेव्हा चपला घालण्यात त्याची काही चूक नव्हती, ९९४ लोकांनी घातल्या असत्या.

---

घोडबंदर_ट्रॅफिक | ५:४५

गळा धरायचं ते कोणी नीट सांगेल का? आमच्या ऑफिसात एकाने विचारलं, हॅलिबर्टनला श्वास लागला होता का.

---

वाशी_सतरा | ६:००

रेगी मिलर, पेसर्सचा जुना स्टार. १९९४, कॉन्फरन्स फायनलची पाचवी मॅच, हेच गार्डन. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने एकट्याने २५ केले आणि पुढच्या रांगेत बसलेल्या निक्सच्या फॅनकडे, सिनेदिग्दर्शक स्पाइक लीकडे बघून गळा धरला, म्हणजे तुमचा संघ ऐन वेळी गुदमरला. पुढच्या वर्षी त्याच मिलरने तिथेच ९ सेकंदांच्या आत ८ गुण केले. आज तोच मिलर कॉमेंट्रीला बसला होता आणि हॅलिबर्टनने त्याच्यासमोर तीच खूण केली. फक्त याने जरा लवकर केली, कारण मॅच तेव्हा बरोबरीत होती.

तो बॉल रिंगच्या मागच्या कडेला लागून बोर्डाच्याही वर उडाला आणि सरळ आत पडला. नारळ पडावा तसा.

---

चढाईपटू | ६:२०

आमच्या पिढीला हे शारजात झालंय. मियांदाद, १९८६, शेवटचा बॉल.

---

मामलेदार_तिखट | ६:२२

काका, जेवायच्या वेळेला नको.

---

वरळीचा_साक्षीदार | ६:४०

आणि ओव्हरटाइमचं कोणीच लिहिलं नाही. शेवटचा डंक (उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबणं) ओबी टॉपिनचा. २०२० मध्ये निक्सनीच ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) घेतलेला पोरगा, २०२३ मध्ये पुढच्या ड्राफ्टमधल्या दुसऱ्या फेरीच्या दोन निवडींच्या बदल्यात देऊन टाकला. आबांच्या भाषेत, दानशूर.

---

नुसताच_वाचक | ७:०५

तो प्रतिसाद ऑफ द डे.

---

शर्वरी_नेरूळ | रात्री १०:१५

अवांतर. आमच्या सोसायटीत संध्याकाळी सातनंतर ड्रिबल करायचं नाही असा नियम आलाय, खालच्या मजल्यावरच्यांना आवाज होतो म्हणून. म्हणजे मुलं आता फक्त फ्री थ्रो मारू शकतात, एकच टप्पा घेऊन. मी म्हटलं, चला, निक्सपेक्षा तरी चांगले होतील.

---

बोगद्यातला_फॅन | ४ जून २०२५, सकाळी ८:०५

धागा वर काढतोय, कारण आहे.

मालिका ४-२ ने गेली. दुसरी घरची मॅच ११४-१०९ गेली, तिसरी तिकडे जाऊन २०ने मागे पडून जिंकली, चौथीत हॅलिबर्टनने ३२ गुण, १५ असिस्ट (बास्केटसाठी दिलेले पास) आणि शून्य टर्नओव्हर (बॉल एकदाही गमावला नाही) केले, आणि सहावीत १२५-१०८ झालं. आणि काल निक्सनी थिबोडोला काढला!

आता बोला. मी पहिल्या दिवशी काय म्हणालो होतो?

---

घोडबंदर_ट्रॅफिक | ८:३०

त्यांनी काढला म्हणून तू बरोबर, असं कसं? २५ वर्षांनी कॉन्फरन्स फायनलला नेलं त्या माणसाने. आधीच्या फेरीत बॉस्टनला जाऊन दोन मॅच २०ने मागे असताना जिंकल्या, तेव्हा कोच शहाणा होता ना?

---

वाशी_सतरा | ८:४४

तेव्हा शेवटी ब्रिजेसने बॉल काढून घेतले म्हणून जिंकले. कोचने नाही काढून घेतले.

---

घोडबंदर_ट्रॅफिक | ८:४६

मग अनुनोबीचा फ्री थ्रोही कोचने नाही घालवला!

---

शर्वरी_नेरूळ | ९:१०

आलात शेवटी माझ्याकडे.

बोगद्यातला, एक काम कर. रविवारी सकाळी सातला नेरूळला ये. मेमधेच पाऊस आलाय यंदा, पण दोन दिवस उघडीप आहे आणि कोर्ट सुकलंय. कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा पळायचं, थांबायचं नाही, आणि लगेच रेषेवर उभं राहून दोन मारायचे. भोवती माझी बारा मुलं ओरडतील. त्यानंतर ठरव, कोच की फ्री थ्रो.

---

आबा_नौपाडा | ९:२५

मीही येतो. बघायला.

---

वरळीचा_साक्षीदार | ९:३०

त्याला बोगद्यातून यावं लागेल, वेळेवर पोचेल याची खात्री नाही.

---

बोगद्यातला_फॅन | ८ जून २०२५, दुपारी १:५०

गेलो होतो. आत्ता घरी आलोय, पिंडऱ्या धरल्यात.

आठव्या फेरीला डोळ्यांपुढे काजवे. पोरं 'गेला गेला गेला' ओरडत होती. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागून माझ्याच हातात परत. दुसरा रिंगलाही लागला नाही. आबा खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी नागपाड्यात शिकलेलं जे काय म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

मत बदललेलं नाही. कोचने मला दहा फेऱ्या पळवायलाच नको होतं.

जाताना एक आठ वर्षांची मुलगी बॉल घेऊन आली आणि म्हणाली, 'काका, गुडघे वाकवा ना, तुम्ही नुसते हात करताय.' आणि तिने समोर उभं राहून, दोन पावलं पुढून का होईना, तीनातले तीन घातले.

---

मामलेदार_तिखट | २:०२

तिला विचार पासपोर्ट आहे का. न्यूयॉर्कला जागा रिकामी आहे.